स्वप्नात जेवलं तर उपास मोडतो का?

भरल्या पोटी माणूस झोपतो आणि रिकाम्या पोटी बोलतो, निदान आमच्या मंडळीत तरी असंच आहे! वर्षभर कोण काय बोललं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. पण लेंट आला, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आमचा चाळीस दिवसांचा उपासकाळ आला, की किस्से असे साचत जातात की ते सांगायला पुढचा लेंट उजाडतो.

उपासाची दुपारच वेगळी असते. डोकं हलकं, पाय हलके. पडद्यातून येणारं ऊनसुद्धा हळूहळू आत येतंय असं वाटतं. पंखा फिरत असतो, लांबून कुणीतरी हाक मारतं, आणि ती आपल्याला होती की शेजारणीला हे ठरवेपर्यंत डोळा लागतो. अशा वेळी पाहिलेलं-ऐकलेलं खरं किती आणि मनचं किती, हे मलाही सांगता येत नाही. तेव्हा यातलं सगळं खरं आहे, पण शपथ घ्यायला लावू नका.

आमची मंडळी छोटीशीच. अंबरनाथ पूर्वेला पत्र्याच्या छताचं चर्च आहे, जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. लेंटमध्ये रोज संध्याकाळी कुणा एकाच्या घरी प्रार्थना असते. आज उल्हासनगर, उद्या अंबरनाथ, परवा बदलापूर गाव. न चुकता येणारे आम्ही मोजकेच. एक पाळकसाहेब, आमच्या चर्चचे धर्मगुरू. दुसरा माझा नवरा विल्सन, एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. माझी मैत्रीण रूथ, बदलापूरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. शमुवेलकाका, रिटायर्ड फिटर. आणि मार्थामावशी.

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नाही, म्हणून सगळ्यांची मावशी. उल्हासनगरला राहते. शाळेत आया होती, आणि तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज बाप झाली तरी तिला बघून शर्टाची बटणं लावतात. तिचे यजमान प्रभुदासकाका गेल्या पावसाळ्यात गेले. दोघं मिळून कडक उपास करायची. दिवसभर काही खायचं नाही, शुक्रवारी तर पाण्याचा थेंबही नाही. सूर्य मावळला की काका म्हणायचे, "चल मार्था, सोडू या," आणि दोघं एका ताटात जेवायला बसायची.

या लेंटला मावशी एकटी होती. त्यात तिला शुगर, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. तरी तिनं जाहीर केलं, "माझा उपास मी करणार आणि ह्यांचाही मीच करणार. त्यांचा वाटा रिकामा ठेवू होय?" आणि सूर्य मावळल्यावरही ती धड जेवेना. अर्धा कप चहा घ्यायची आणि झोपून जायची. म्हणजे बाकीचं जग उपास करत होतं आणि आम्हाला एकच घोर होता, मावशीला खायला कसं घालायचं!

*

सुरुवातीच्या बुधवारीच पाळकसाहेब म्हणाले, "या वर्षी उपासाबरोबर प्रत्येकानं आणखी एक गोष्ट सोडायची. खाण्याचीच पाहिजे असं नाही. राग सोडा, टोमणे सोडा. आणि शरीराला छळायचं नाही बरं का. ते आपलं नाही, त्यानं वापरायला दिलेलं आहे."

मग एकेकाला उभं केलं. विल्सन म्हणाला, "चहा." रूथ म्हणाली, "मोबाईलवरचे रील." मी म्हणाले, "दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलणं." हे ऐकून विल्सन उगाच खोकला.

शमुवेलकाकांचा तोवर डोळा लागला होता. रूथनं कोपर मारलं.

"काका, तुम्ही काय सोडलंत?"

"उपास!"

"अहो, आज तर पहिला दिवस! कधी सोडलात?"

"आत्ता येताना, साहेब. स्टेशनबाहेर वडे तळत होते."

सगळे हसले. हसणं ओसरलं तशी साहेबांनी मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "मी काय सोडू? जे होतं ते सुटलंच की." मग साहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

*

विल्सनच्या चहाचं सांगायलाच हवं.

पहिले दोन दिवस तो देवदूतासारखा वागला. तिसऱ्या दिवशी गप्प झाला. चौथ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, आणि हा माणूस आतल्या खोलीतून कुकरवर ओरडला, "कळलं! एकदा सांगितलंस ना!"

मी तडक पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, त्यांना चहा प्यायला सांगा. उपास त्यांचा आहे आणि घडतोय आम्हाला!"

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. प्रेमानं जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "विल्सन, तू सकाळी एक कप चहा घेत जा. आणि त्याच्या बदल्यात राग सोड."

विल्सननं बराच वेळ विचार केला.

"साहेब," तो म्हणाला, "चहाच सोडतो. ते सोपं आहे!"

कंपनीत त्याच्या शिफ्टला रफिकभाई आहेत. यंदा त्यांचे रोजे आणि आमचा लेंट एकत्रच आले. दोघं जेवणाच्या सुट्टीत शेडमागच्या बदामाच्या झाडाखाली नुसते बसून राहायचे, न बोलता, पानांकडे बघत. त्यातच कुणाचा सोमवार निघायचा, कुणाची चतुर्थी. एक दिवस कँटीनवाले महाराज भरलेलं पातेलं तसंच घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या देवांची मीटिंग झालीय का? माझं कँटीन बंद पाडायचं ठरलंय का?"

*

मीसुद्धा काही धड नव्हते.

दुपारी शाळेच्या ऑफिसात सामसूम असते. पोरं गेलेली, मैदानावर ऊन पसरलेलं, आणि माझ्या पोटात सकाळपासून काही नाही. समोरच्या भिंतीवरची पाल बघत बघत मी कुठेतरी निघून गेले. उल्हास नदीच्या पाण्यावरून चालतेय, पाय बुडत नाहीत, पलीकडच्या काठावर कुणीतरी भाकरी थापतंय आणि तो थप-थप आवाज इथवर येतोय. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, दाखला न्यायचा होता. ऑफिस किती वाजता उघडतं?"

मी म्हणाले, "सूर्यास्तानंतर."

पलीकडच्या बाई अगदी आदरानं "बरं" म्हणाल्या. त्या संध्याकाळी खरंच आल्या, हे मला वॉचमननं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

*

मावशीच्या शेजारी जमनाआंटी राहतात. दोघींच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि ती भिंत दोघी टेलिफोनसारखी वापरतात. आंटी सिंधी, मावशीला 'अदी' म्हणतात, म्हणजे ताई. मावशी त्यांना नुसतं 'जमना' म्हणते. दोघी दिवसातून एकदा भांडतात आणि दोनदा बोलतात.

लेंट लागल्यावर आंटीनं चौकशी सुरू केली.

"अदी, तुम्हारे उपास में साबूदाना चलता है?"

"चलता है, पर जरूरत नहीं."

"आलू?"

"चलता है."

"दाल-चावल?"

"वो भी चलता है."

"फिर बंद क्या है?"

"मटन, मच्छी, अंडा."

आंटीनं गुरूकडून नाम घेतल्यापासून यातल्या कशालाच हात लावलेला नाही. त्यांनी कपाळावर हात मारला.

"साईं! फिर तो मैं बीस साल से ख्रिश्चन हूँ!"

पण मावशी दिवसभर काहीच खात नाही, रात्रीही जेमतेम, हे कळल्यावर आंटीचं हसू गेलं. त्यांनी हरतऱ्हेनं समजावलं. ऐकेना तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ठीक है अदी. तू खाली पेट, तो मैं भी खाली पेट. देखते हैं किसका भगवान पहले घबराता है!"

सकाळ गेली. बारा वाजून गेले. दोन्ही घरांत शांतता. गल्लीत कुणाच्या तरी खाटेवर पापड वाळत घातलेले, त्यावर ऊन, आणि सगळं इतकं निवांत की मावशी म्हणते, मला वाटलं आपण आधीच वर पोचलो. मग दुपारी भिंतीपलीकडून पापड भाजल्याचा वास आला. त्यामागून कडाकडा आवाज!

मावशीनं भिंतीवर थाप मारली. "जमना! उपास?"

पलीकडून तोंड भरलेलं उत्तर आलं. "पापड कोई खाना थोड़ी है, अदी! वो तो पानी के साथ आता है!"

सिंधी घरात पाहुणा आला की पाण्याबरोबर पापड देतात, हे खरंच आहे. त्या संध्याकाळी आंटी एक पापड घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मावशीनं तो खाईपर्यंत हलल्याच नाहीत. मावशीनं मला फोन करून तक्रार केली. मी फोन ठेवला आणि लगेच रूथला लावला, "खाल्लं गं, एक पापड खाल्ला!" आम्हाला केवढा आनंद झाला होता!

*

शमुवेलकाका प्रार्थनेत डोळे मिटतात ते देवासाठी की झोपेसाठी, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

आमच्या घरी प्रार्थना होती. पाळकसाहेबांचं प्रार्थनेतलं मागणं लांबत चाललं होतं. खिडकीतून वारा येत होता, आम्ही सगळेच तरंगत होतो. साहेब एका वाक्याशी थांबले आणि त्या शांततेत काका खणखणीत आवाजात म्हणाले, "रस्सा वाढ अजून!"

मग सगळं बाहेर आलं. काका गावी गेले होते, राहुरीकडे, लग्नाला. मांडव, पंगत, मटणाचं पातेलं. "वाफ अशी वर जात होती साहेब, की वाढपी दिसत नव्हते, नुसते हात दिसत होते. आणि कुणाला कसलीच घाई नव्हती." काकांचे डोळे भरून आले होते. मग ते घाबरून म्हणाले, "साहेब, स्वप्नात जेवलं तर उपास मोडतो का?"

यावर अर्धा तास चर्चा झाली! विल्सन म्हणाला, मोडत नाही, पोट तर रिकामंच आहे. रूथ म्हणाली, तोंडाला पाणी सुटलं असेल तर निम्मा मोडला. साहेब हनुवटीला हात लावून विचार करत राहिले.

"काका, त्या पंगतीत तुम्ही कुणाला वाढलंत का?"

"नाही साहेब. मी जागेवरून उठलोच नाही."

"मग मोडला."

पुढच्या आठवड्यात काका तोंड पाडून आले. "काल परत तेच लग्न. या वेळी मी मुद्दाम वाढायला उठलो."

"अरे वा! छान केलंत!"

"छान कसलं, साहेब! सगळ्यांना वाढून माझ्यापर्यंत येईस्तोवर पातेलं खरवडलेलं!"

त्यानंतर आमच्यात एक रीतच पडली. प्रार्थना झाली की आपापली स्वप्नं सांगायची. विल्सनच्या स्वप्नात आमच्या नळाला चहा आला होता, आणि लोक हंडे घेऊन रांगेत उभे होते. रूथच्या लॅबमधल्या सगळ्या नळ्यांत कोकम सरबत भरलेलं होतं, आणि पेशंट म्हणत होते, "अजून काढा." मी माझी नदी सांगितली. खोलीत दिवे लावायचं कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि अंधुक उजेडात एकमेकांची स्वप्नं ऐकायला फार बरं वाटत होतं.

"मावशी, तुझं सांग की," मी म्हणाले.

"मला पडत नाही."

"एखादं तरी?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "उपाशी झोपलं की स्वप्नं पडतात म्हणता ना तुम्ही सगळे? म्हणून तर रात्रीचीही जेवत नाही मी. पण हे काही येत नाहीत."

सरळ सांगते, मला रडू आलं. ती वाटा कुणाचा भरत होती ते आम्हाला माहीत होतं. पण ती उपाशीपोटी वाट कुणाची बघत होती, ते त्या दिवशी कळलं. विल्सननं उठून दिवा लावला.

*

यानंतरची प्रार्थना बदलापूर गावात रूथच्या घरी होती.

मावशी आली, बसली, आणि विल्सनला म्हणाली, "काय रे राजा, दमलास?" विल्सन चमकला. त्याला लग्नापासून आजवर मावशीनं 'अरे ठोंब्या' शिवाय हाक मारलेली नाही. मग मावशी माझ्याकडे वळली. "साडी किती छान दिसते गं तुला." मी खूश! शमुवेलकाकांना म्हणाली, "तुमचा आवाज गीतात फार गोड लागतो." काका सुरात गातात असं त्यांची आईसुद्धा कधी म्हणाली नसेल. शेवटी पाळकसाहेबांना म्हणाली, "साहेब, आज मागणं जरा लांबच करा. ऐकत राहावंसं वाटतं."

साहेब लाजले. आम्ही सगळे हसत होतो. एकटी रूथ ताडकन उभी राहिली.

"शुगर उतरलीय हिची! मावशी कधी गोड बोलते का?"

खरंच की! हात लावून बघितलं तर मावशी घामानं चिंब, बोटं थरथरत होती. रूथनं ग्लुकोज कालवलं. मावशीनं तोंड फिरवलं, "उपास आहे माझा, राणी." राणी म्हणाली हे ऐकून रूथ आणखीच घाबरली. साहेबांनी पेला हातात घेतला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला, "मावशी, तोंड उघडा!"

प्यायली. आम्ही गोल करून तिच्या तोंडाकडे बघत बसलो. हळूहळू मावशीच्या डोळ्यांत ओळख आली. तिनं आमच्यावरून एक नजर फिरवली, पदर सावरला आणि म्हणाली, "साहेब, तुमचं मागणं फार लांबतं. आणि हा ठोंब्या काय बघतोय?"

"नॉर्मल!" रूथ म्हणाली आणि पेला विसळायला गेली.

परत निघताना रूथ मला रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत एकदम थांबली. म्हणाली, "मावशी उपास करत नाहीये गं. मावशी निघालीय." मलाही तेच वाटत होतं.

*

दुसऱ्या दिवशी रूथ तिला ओढतच अंबरनाथला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण, गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला भस्म. त्यांनी रिपोर्ट पाहिले आणि पेन खाली ठेवलं.

"आजी, उपास बंद. आजपासून."

"डॉक्टर, आज वार कोणता?"

"सोमवार."

"तुमचा उपास असेल."

डॉक्टर जरा चपापले. "असतो, पण माझी गोष्ट वेगळी. मी खिचडी खातो, केळी खातो, शेंगदाण्याचा लाडू खातो, ताक पितो..."

"मग तो उपास कसला?" मावशी म्हणाली. "ती तर पार्टी!"

डॉक्टर इतके हसले की बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मावशीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आजी, मग तुम्हीही पार्टीच करा. माझ्यासाठी करा." कुणी ओरडलं असतं तर मावशी ऐकणार नव्हती. पण त्यांनी हात धरला होता. दुपारी ताक आणि केळं, रात्री भाकरी-भाजी, एवढं तिनं कबूल केलं. फक्त शुक्रवार सोडून. "शुक्रवार ह्यांचा आहे. त्या दिवशी मी पाणीही घ्यायची नाही." तिथं डॉक्टरांचंही काही चाललं नाही. शुक्रवार आला की आम्ही जीव मुठीत धरून बसायचो, आणि सगळ्यांत मोठा शुक्रवार अजून यायचाच होता.

*

आता गुड फ्रायडेचं.

त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर प्रभूनं काढलेले सात उद्गार, एकेकावर एकेकानं उभं राहून बोलायचं. कुणाला कोणता, हे आमच्याकडे आधीच्या रविवारी चिठ्ठ्या टाकून ठरतं. मावशीला पाचवा आला. 'मला तहान लागली आहे.'

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "मावशी, माझ्याशी बदलता का?"

"का? आला तो आला."

"मग त्या दिवशी निदान दोन घोट पाणी पिऊन या."

"तहानेवर बोलायचं आणि पाणी पिऊन यायचं? साहेब, तुम्हाला तरी पटतंय का?"

साहेबांना पटत नव्हतं.

शुक्रवारी ऊन मरणाचं होतं. पत्रा तापलेला, पंखे गरम वारा फेकत होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि त्या उन्हात पांढरा रंग डोळ्यांपुढे हलल्यासारखा वाटत होता. रूथ बाकाच्या कडेला बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली आणि ग्लुकोजचा पुडा. तिचं प्रवचनांत लक्ष नव्हतं, ती नुसती मावशीच्या पाठीकडे बघत होती. चार उद्गार झाले. कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

मावशी उठली. सावकाश चालत पुढे गेली आणि तिनं दोन्ही हातांनी स्टँड धरलं. माइक तिच्या तोंडाला जरा उंचच होता.

"मला तहान लागली आहे."

एवढं बोलून थांबली. आम्ही पुढच्या वाक्याची वाट पाहिली. बाहेर झाडावर कावळा होता, त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"मला तहान लागली आहे," ती पुन्हा म्हणाली.

मागून कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शमुवेलकाका, चक्क जागे, हळू आवाजात "आमेन" म्हणाले. विल्सन माझ्या कानाशी कुजबुजला, "काय बोलतेय मावशी! नुसतं बायबलचं वचन, बस!" पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती. एवढं परिणामकारक प्रवचन आमच्या चर्चनं कधी ऐकलं नव्हतं.

मावशी समोर बघत होती. कुणाकडे, ते कळत नव्हतं. मग तिचा चेहरा एकदम सैल झाला आणि ती म्हणाली,

"मला तहान लागलीय."

बायबलात 'लागली आहे' असतं. 'लागलीय' घरात असतं.

रूथ धावली. बाटलीचं झाकण वाटेतच कुठे पडलं ते सापडलंच नाही. मावशीनं बाटली दोन्ही हातांत धरली आणि प्यायला लागली. माइक चालूच होता. अख्ख्या चर्चनं तिचा एकेक घोट ऐकला. बाटली रिकामी झाली तशी तिनं पदरानं तोंड पुसलं, माइककडे तोंड करून "एवढंच" म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. मग साहेबांनी सहावा उद्गार पुकारला.

उपासना सुटल्यावर रूथनं आणि मी तिला रिक्षात मधे बसवलं. कुणी न सांगता तिनं रूथच्या पिशवीतलं केळं काढून खाल्लं. उल्हासनगरच्या रस्त्यावर उन्हाची झळ हलत होती. मला राहवेना.

"मावशी, खरं सांग. तू वचन म्हणत होतीस की पाणी मागत होतीस?"

मावशीनं केळ्याची साल दुमडून पिशवीत ठेवली.

"पहिल्या दोन वेळा वचन म्हटलं," ती म्हणाली. "मग हे दिसले. खिडकीपाशी बसले होते. म्हणाले, 'मार्था, तहान लागलीय का गं?' आता नवऱ्यानं इतक्या दिवसांनी विचारलं, तेही देवळात. नाही कसं म्हणायचं?"